हरकत कोणी घ्यायची?

1996 च्या पावसाळ्यात मला सातवा महिना सुरू होता आणि मी एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून काम करत होते. दुपारी साडेतीनच्या सुमारास दिवसभराची व्हाउचरे घेऊन सह्यांसाठी साहेबांच्या केबिनमध्ये जावे लागे. पाऊस आत येतो म्हणून खिडकी लावलेली असे. साहेब एक सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटवत. टेबलावरच्या पितळी राखदाणीत थोटके खोचलेली असत, आणि उजव्या हाताने सही करताना डाव्या हातातल्या सिगारेटचा धूर सरळ माझ्या तोंडावर येई. पंचवीस-तीस व्हाउचरे होईपर्यंत मी पदर नाकाशी धरून उभी राहत असे. साहेब माणूस म्हणून सज्जन होते. माझे पाय सुजलेले पाहून त्यांनी एकदा स्वतः उठून मला खुर्ची सरकवून दिली होती. त्या खुर्चीत बसल्यावर धूर आणखी जवळून आला. 'साहेब, सिगारेट जरा बाजूला ठेवता का' हे सहा शब्द त्या तीन महिन्यांत माझ्या तोंडून एकदाही निघाले नाहीत.

हे सगळे आठवले ते भाच्याशी झालेल्या बोलण्यामुळे. तो पुण्यात नोकरी करतो, सिगारेट ओढतो, आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीला त्याचा तत्त्वतः विरोध आहे. "आत्या, पैसे माझे, फुप्फुसे माझी. सरकारने मध्ये पडायचे कारण काय?" असे त्याने विचारले. प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. प्रौढ माणसाने काय खावे, काय प्यावे, कशाने आजारी पडावे हे सरकारने ठरवू नये, असे मलाही वाटते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये मांडलेले तत्त्व त्याने मला ऐकवले: एखाद्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर सत्ता चालवायची, तर ती इतरांना होणारी इजा टाळण्यापुरतीच. मला हे तत्त्व पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की इजा होत असलेला माणूस ती बोलून दाखवू शकतो का, हाही प्रश्न त्या तत्त्वाच्या पोटातच आहे, आणि आपल्याकडच्या धूम्रपानबंदीचा इतिहास नीट पाहिला तर तो बऱ्याच अंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे.

1989 च्या रेल्वे अधिनियमातले 167 वे कलम पाहावे. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली, तर त्या डब्यात कोणी धूम्रपान करू नये, असे ते सांगते. मोडणाऱ्याला दंड 100 रुपयांपर्यंत. एखाद्या गाडीत किंवा तिच्या काही भागात सरसकट मनाई करण्याचा अधिकार रेल्वेला त्याच कलमात आहे, पण मूळ कल्पना हरकतीची आहे. वाचताना हे फार सभ्य वाटते. दोन समान नागरिक समोरासमोर बसले आहेत, एकाला धूर सोसत नाही, तो तसे म्हणतो आणि दुसरा सिगारेट विझवतो. प्रत्यक्षात मात्र डब्यात सरपंच असतो आणि त्याच्याच शेतावर मजुरीला जाणारा माणूसही असतो. मामंजी असतात आणि डोक्यावरून पदर घेऊन खिडकीपाशी बसलेली सून असते. रात्रीच्या गाडीत एकटी जाणारी मुलगी असते आणि समोर चार जणांचे टोळके असते. यांपैकी कोण कोणाला हरकत घेणार? हरकत घेण्याचा हक्क कागदावर सगळ्यांना सारखा असतो, पण तो वापरण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते. मला ती नोकरीच्या रूपाने पडली असती, किंवा पडेल असे तेव्हा वाटत होते. गप्प बसायला तेवढे पुरते.

ही कोंडी संसदेच्या आधी न्यायालयांनी फोडली. 12 जुलै 1999 रोजी केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदा ठरवले. अर्जदारांमध्ये महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. रोजच्या बसप्रवासात इतरांच्या धुराचा त्यांना त्रास होत असे. न्यायालयाने त्यासाठी नवा गुन्हा शोधून काढला नाही. हवा आरोग्याला अपायकारक करणे हा भारतीय दंड विधानाच्या 278 व्या कलमाखाली इंग्रजांच्या काळापासून गुन्हाच होता, आणि बिडी-सिगारेटचा धूर त्यात बसतो, एवढेच सांगितले. जोडीला राज्यघटनेच्या 21 व्या कलमातला जगण्याचा हक्क होता. पुढे 2 नोव्हेंबर 2001 रोजी मुंबईचे माजी महापौर आणि काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिला. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, सभागृहे, रेल्वेसह सगळी सार्वजनिक वाहने त्यात आली. सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला केवळ सार्वजनिक ठिकाणी जावे लागते म्हणून आजार का व्हावेत, असा न्यायालयाचा सवाल होता. आपल्या शेजारच्या गोव्याने तर 1997 सालच्याच कायद्यात धूम्रपान आणि थुंकणे यांना एकत्र बंदी घातली होती, आणि ती जोडी मला फार समजूतदारपणाची वाटते, कारण दोन्हींत आपल्या तोंडातले दुसऱ्याच्या वाट्याला जाते.

2003 मध्ये संसदेने तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला. त्याचे चौथे कलम सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करते. परंतु लोकांना बदल जाणवला तो 2 ऑक्टोबर 2008 पासून, जेव्हा अंबुमणी रामदास केंद्रीय आरोग्यमंत्री असताना नवे नियम लागू झाले आणि खासगी कार्यालये, उपाहारगृहे, मॉल यांनाही हे कलम लागू असल्याचे स्पष्ट झाले. या नियमांतली एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रमुख यांनी साठ बाय तीस सेंटिमीटरचा फलक लावायचा, राखदाण्या आणि काडेपेट्या ठेवायच्या नाहीत, आणि कोणी नियम मोडला तर तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव लिहून ठेवायचे. म्हणजे हरकत घेण्याचे काम खोकणाऱ्या माणसाकडून काढून जागेच्या धन्याकडे दिले गेले. सून, कारकून आणि मजूर यांच्या वतीने भिंत बोलू लागली.

आमच्या कार्यालयात हा फलक लागला तो दिवस मला आठवतो. शिपायाने स्टुलावर चढून दोन खिळे ठोकले आणि जाता जाता तीन टेबलांवरच्या राखदाण्या उचलून नेल्या. माझ्या शेजारी एक ज्येष्ठ सहकारी बसत. ते आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. नंतर एकदा डबा खाताना म्हणाले, "तीस वर्षे या खुर्चीत काढली हो, आणि आता मला फाटकाबाहेर उभे राहावे लागते." त्यांचे दुःख खरे होते. बंदीचे समर्थन करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे मान्य केले पाहिजे, की त्या दिवशी त्यांच्याकडून खरोखरच काहीतरी काढून घेतले गेले. आकडेमोड करताना कोऱ्या कागदाइतकीच सवयीची झालेली सोबत गेली, आणि शिवाय भर उन्हात रस्त्यावर उभे राहण्याचा संकोच वाट्याला आला. फक्त ती सोबत मिळत होती, तेव्हा तिचा धूर आम्ही सगळे मिळून घेत होतो, आणि आम्हाला कोणी विचारलेले नव्हते.

त्या धुराने नेमके काय होते हे 1981 पासून जगाला माहीत आहे. ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने सिगारेट न ओढणाऱ्या 91,540 विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती तपासली, आणि ज्यांचे नवरे भरपूर सिगारेट ओढत त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अधिक आढळले. मला या अभ्यासात विज्ञानाइतकीच त्या बायकांची परिस्थिती दिसते. त्यांच्यापैकी किती जणींनी नवऱ्याला 'बाहेर जाऊन ओढा' असे म्हटले असेल?

भाच्याचा पुढचा मुद्दा होता मालकीचा. हॉटेल ज्याचे आहे त्याने ठरवावे. ज्याला धूर नको त्याने दुसरीकडे जावे. गिऱ्हाइकापुरते पाहिले तर यात तथ्य आहे. परंतु हॉटेलात गिऱ्हाईक तासभर बसते आणि वेटर बारा तास उभा असतो. आयर्लंडने 29 मार्च 2004 पासून पबसह सगळ्या बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद केले, आणि असे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. तिथे कायद्याची मांडणीच कामगाराच्या आरोग्यावर केली गेली, आणि मला तेच बरोबर वाटते. गावाकडून मुंबईला आलेल्या, माळ्यावर झोपणाऱ्या पोऱ्याला 'तू दुसरीकडे काम बघ' असे सांगणे म्हणजे त्याला निवड देणे नव्हे. म्हणूनच आपल्या कायद्यातल्या एका सवलतीशी माझे कधीच जुळले नाही. तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते. पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारे दार, धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा, सगळे नियमात आहे. पण ती खोली झाडायला कोणीतरी आत जातेच. शिवाय विमानाने जाणाऱ्याच्या सिगारेटसाठी वातानुकूलित खोली आणि एसटी स्थानकावर बिडी पेटवणाऱ्यासाठी पावती, हा भेद स्वातंत्र्याच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही. सवलती काढून टाकण्याचा आणि दंड 2,000 रुपयांपर्यंत नेण्याचा मसुदा केंद्राने तयार केला होता. तो कायदा झाला नाही. दंडाची कमाल मर्यादा 2003 साली 200 रुपये होती आणि केंद्रीय कायद्यात ती आजही तेवढीच आहे.

जिथे दुसऱ्याचा श्वास येत नाही, तिथे मात्र मी भाच्याच्या बाजूला आहे. भूतानने 2004 मध्ये तंबाखूची विक्रीच बंद केली, 2010 मध्ये कायदा आणखी कडक केला, आणि 2011 मध्ये अगदी थोड्या तंबाखूसाठी एका तरुण भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा झाली. चोरटी आयात थांबली नाहीच, आणि 2021 मध्ये विक्रीवरची बंदी उठवावी लागली. ती वाट आपली नसावी. महाराष्ट्रातही 2012 पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्याला बंदी आहे, तरी तो कुठे आणि कसा मिळतो हे कोणत्याही टपरीवर उभे राहिले की कळते. आपल्या राज्यात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त आहेत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू घेत होते. आरोग्य खात्याच्या दृष्टीने मोठे संकट दुसऱ्या आकड्यात आहे. पण तंबाखू मळून ओठाखाली धरणारा माणूस, थुंकला नाही तर, इजा स्वतःलाच करतो. त्याला समजावावे, त्याच्या तोंडाची तपासणी करावी, विक्रेत्यावर बंधने घालावीत, त्याला मात्र गुन्हेगार ठरवू नये. केबिनमधल्या सिगारेटची गोष्ट वेगळी होती.

इथपर्यंत माझे मत मला स्वच्छ दिसते. त्यापुढे घराचा उंबरठा येतो. वर सांगितलेल्या पाहणीतच देशातल्या 38.7 टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत असल्याचे आढळले. सार्वजनिक ठिकाणांसाठी हाच आकडा 25.7 होता. कायदा जिथे पोहोचला तिथे धूर कमी आहे आणि जिथे हरकत घेणे सर्वांत अवघड तिथे तो जास्त आहे. तरीही पोलिसाने माझ्या किंवा कोणाच्या स्वयंपाकघरात यावे असे मी म्हणणार नाही. माझा सगळा युक्तिवाद दुर्बळाच्या बाजूने आहे आणि इथे तो मला अपुरा पडतो, हे भाच्यालाही मी सांगितले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण कुटुंब राहते. नवरा गॅलरीत सिगारेट ओढत असे आणि धूर आमच्या निजायच्या खोलीत येई. सोसायटीच्या सभेत ठराव आणावा असे दोघा-तिघांनी सुचवले. मी तसे न करता एका रविवारी सकाळी खाली गेले. दार त्याने उघडले. मागे त्याची चार वर्षांची मुलगी गॅलरीच्या दारात बसून बाहुलीला कपडे घालत होती, आणि कठड्यावरच्या वाटीत थोटके होती. आमच्या खोलीत धूर येतो हे मी सांगितले. नंतर, सांगायचे ठरवले नव्हते तरी, मुलीकडे पाहून म्हणाले, "हिला काही म्हणता येत नाही अजून." तो काहीच बोलला नाही. त्याच्या बायकोने आतून मला चहाला बोलावले आणि मी बसले.

आता रात्री साडेदहाच्या सुमारास जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज येतो. तो गच्चीवर जातो, दहा मिनिटांनी खाली येतो. पाऊस असेल त्या रात्री मी कान देऊन ऐकते. अजून तरी तो छत्री घेऊन वर जातो.