भांडी मोडीला घालायची नव्हती

आमच्याकडं जुनं सामान घराबाहेर जायच्या वाटा ठरलेल्या आहेत. कपडे बोहारणीला, पेपर रद्दीला, लोखंड-प्लास्टिक गाडीवाल्याला आणि तांबं-पितळ मोडीला. दारात मांडून, भाव सांगून, अनोळखी माणसाला आपल्या घरातली कळशी विकायची, हे बेळगावच्या शहापुरात मी तरी कधी बघितलेलं नव्हतं. ह्या रंगपंचमीनंतर आम्ही दोघांनी ते केलं. तेव्हापासून गल्लीतल्या बऱ्याचजणी विचारतात, कारण प्रत्येकीच्या माळ्यावर असंच काहीतरी चढवून ठेवलेलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

सासऱ्यांचं घर कौलारू, लांबच लांब. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. दिरांनी आणि आम्ही मिळून ते पाडून नवीन बांधायचं ठरवलं. तोपर्यंत आम्ही दोघं हिंदवाडीत, दोन खोल्यांत. सासूबाईंच्या सासूबाई लग्न होऊन सांगलीहून इथं आल्या, तेव्हा शहापूरही सांगली संस्थानातच होतं. त्यांच्याबरोबर आलेल्या भांड्यांपासून आमच्या रुखवतातल्या स्टीलच्या डब्यांपर्यंत सगळं माळ्यावर होतं. चढत्या मापाचे हंडे, घंगाळ, तांब्याचा बंब, पुरणयंत्र, पितळी सोऱ्या, काशाची ताटं, चिनी मातीच्या बरण्या, पाटा-वरवंटा, जातं. सासऱ्यांचा हातमाग कधीच गेला, त्याचे लाकडी धोटे मात्र एका पोत्यात तसेच होते.

पहिल्यांदा मोडवाल्यालाच बोलावलं. त्यानं हंडा काट्याला लावला, पितळेचा भाव किलोला ४५० सांगितला आणि हंडा आडवा करून त्यावर पाय ठेवला. मी विचारलं, हे काय करालाय? तर म्हणाला, "चेपून घेतो की काकी, गाडीत जागा लई लागती." त्याचं काही चुकलं नव्हतं. वितळवायलाच न्यायचा तर चेपला काय आणि न चेपला काय. खरं म्हणजे तोवर माझ्या डोक्यात नुसतं 'सामान कमी करायचं' एवढंच होतं. त्याचा पाय हंड्याच्या गळ्यावर बघितला आणि मी नको म्हटलं. चहा पाजून त्याला परत पाठवला. ह्या हंड्यातून सासूबाईंनी चार घरं पलीकडच्या विहिरीचं पाणी आणलेलं. तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरात हंडा म्हणूनच जावा, एवढंच मला हवं होतं.

माझी भाची अमेरिकेत असते. तिकडं घर बदलताना लोक सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात सामान मांडतात, वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावतात आणि येणारा-जाणारा बघून घेऊन जातो. यार्ड सेल म्हणतात त्याला. तिच्याकडून हे ऐकलेलं ह्यांना सांगितलं. हे क्रेडिट सोसायटीत हिशेबनीस होते, कुठल्याही गोष्टीला आधी वही घालतात. म्हणाले, "करूया. खरं नोंद ठेवायची."

थोरल्या जाऊबाईंना पटलं नाही. "लोक म्हणतील, ह्यांच्यावर भांडी विकायची पाळी आली. आणि भावजी सोसायटीत होते म्हटल्यावर आणखी काय काय म्हणतील." हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्या आयांच्या काळात हंडा-कळशी घराबाहेर गेली म्हणजे घराचं सगळंच संपलं असं धरायचे. दुष्काळ, आजारपण, दारू, ह्यातलं काहीतरी त्यामागं असायचं. भांडी उजेडात न्यायची नाहीत, अंधार पडल्यावर पदराखाली न्यायची, असं माझी आईच सांगायची. त्यामुळं आम्ही पुठ्ठ्यावर कारणच पहिल्यांदा लिहिलं: 'घर बांधायला काढले आहे. वापरण्यासारखे जुने सामान देणे आहे.' खाली तेच कन्नडमध्ये. ते शेजारच्या दहावीतल्या मुलानं वळणदार अक्षरात लिहून दिलं. पुठ्ठा दाराला लागल्यावर मात्र जाऊबाई स्वतःच चिंच घेऊन घंगाळ घासायला बसल्या. भांडी जायचीच तर काळी कशाला जाऊ द्यायची, असं त्यांचं म्हणणं.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ वेगळं काढण्यात गेला. कासं आणि पितळ घासल्यावर सारखंच पिवळं दिसतं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बोटाच्या पेरानं टिचकी मारली की काशाचं ताट लांबवर घणघणतं, पितळेचा आवाज लगेच विरतो. तशी वाजवून वाजवून दोन ढीग केले. पितळी पातेल्यांची कल्हई गेलेली होती. त्यांच्यावर ह्यांनी 'कल्हई करून वापरणे' अशी चिठ्ठी लावली, कारण न्यायची आणि त्यातच कुणी ताकाची कढी केली तर ती कळकणार. भावाचं असं ठरलं: धातूचं काहीही मोडीच्या भावापेक्षा थोडं वर, म्हणजे घेणारा पुढं मोडीला घालायला नेणार नाही. लाकूड आणि दगड समोरचा माणूस बघून.

शनिवार धरला, बाजाराला आलेली माणसं ह्या बाजूनं जातात म्हणून. सकाळी बराच वेळ नुसते बघेच. "सगळं विकालाईसा काय वैनी?" असं विचारायचं, एक डबा उघडून बघायचा आणि जायचं. अनोळखी माणूस येईना आणि ओळखीचा माणूस भाव विचारायला लाजे. मलाही भाव तोंडातून निघत नव्हता. शेजारणीला चारशे रुपये म्हणून कसं सांगायचं? शेवटी ह्यांनी वहीच उघडी करून स्टुलावर ठेवली. ज्यानं त्यानं वाचावं. त्यानं सगळं सोपं झालं.

पहिली विक्री सोऱ्याची. वडगावची एक मुलगी, नुकतंच लग्न झालेली, सासूला बाजारात सोडून एकटीच आत आली. सोऱ्या उचलून तिनं आधी दांडा फिरवून बघितला. मळसूत्र जरा अडकत होतं. मी आतून तेलाचा थेंब सोडला, चकल्यांची, बारीक शेवेची, कडबोळ्यांची अशा सगळ्या चकत्या एकेक घालून दाखवल्या. चकलीची चकती बसवताना चांदणीचे कोपरे खालच्या बाजूला यायला हवेत, नाहीतर काटे येत नाहीत, हेही सांगितलं. तिनं एका कागदावर लिहून घेतलं. साडेसातशे म्हटल्यावर म्हणाली, "घेते काकी, खरं सासूबाईंना सहाशेच सांगणार." ह्यांनी वहीत साडेसातशे लिहिले.

दुपारी जे झालं त्याचा आम्ही विचारच केलेला नव्हता. पूर्वी आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायचे. आत्तासारखं मशिनवर नाही. कासार छिन्नीनं एकेक ठिपका ठोकून अक्षर काढायचा, त्यामुळं बोट फिरवलं की नाव हाताला लागतं. आमच्या बऱ्याच भांड्यांच्या काठावर अशी नावं होती. गल्लीतले एक आजोबा, वय ऐंशीच्या पुढं, रोज संध्याकाळी कपिलेश्वराला जातात, ते सहज आत आले. एक मध्यम पातेलं उजेडाला धरून काठ फिरवत वाचू लागले. त्यांच्या वडिलांचं नाव, साल १९५९. माझ्या सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेला आहेर.

ते खालीच बसले, कट्ट्यावर. म्हणाले, घरात वडिलांच्या हातचं काहीच राहिलेलं नाही, घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा सगळं इकडं तिकडं गेलं. हे लगेच म्हणाले, "न्या की मग, तुमचंच आहे." त्यावर आजोबा ठाम: "दिलेला आहेर परत घ्यायचा नसतो. विकत घेतला तर चालतो. भाव सांगा." हे पैसे घ्यायला हात पुढं करेनात आणि आजोबा पातेलं घेईनात. शेवटी मीच वहीतला भाव वाचून दाखवला, ९०० रुपये. त्यांनी मोजून दिले. एक रुपया कमी करून घेतला नाही. पातेलं पिशवीत घालत नव्हते, तसंच काखेत धरून गेले. मला त्यांचं म्हणणं पटलं. फुकट दिलं असतं तर सासूबाईंच्या आहेराला आम्ही नको म्हटल्यासारखं झालं असतं.

त्यानंतर आम्ही बाकीच्या भांड्यांवरची नावं वाचून काढली आणि ज्यांची घरं माहीत होती त्यांना निरोप पाठवला. काही आले, काही आले नाहीत.

बंबाचं सांगायलाच पाहिजे. तांब्याचा, मधे विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, पितळी तोटी. वजन ११ किलो. एक तरुण जोडपं आलं, जांबोटीच्या बाजूला पाहुण्यांसाठी घर बांधताहेत. त्यांना तो दारात ठेवून त्यात झाड लावायचं होतं. न बोलता ९,००० कबूल केले. त्याच वेळी येळ्ळूरचे एक शेतकरी बंबाभोवती फिरत होते. त्यांनी परड्यातल्या नळाचं बादलीभर पाणी मागितलं, बंबात ओतलं आणि खाली हात घालून बराच वेळ बसून राहिले. हात बाहेर काढला तो काजळीनं काळा, पण कोरडा. तोटी तेवढी ठिबकत होती. म्हणाले, "आमच्यात अजून बंबच पेटतो. आमचा नळीला भोक पडलाय. साडेसात देतो."

खरं सांगते, मी जोडप्याला द्यायच्या विचारात होते. दीड हजाराचा फरक होता आणि पोरं चांगली होती, बंब जपला असता. वही घेऊन बसलेला माणूसच नाही म्हणाला. लहानपणी पहाटे उठून करवंट्या आणि शेणी घालून बंब पेटवायचं काम ह्यांचं होतं. जोडप्याला ह्यांनी नीट समजावलं, की अजून गळत नाही तोवर त्यात पाणीच तापू दे. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी घंगाळ घेतलं. साडेसात हजार म्हणजे मोडीपेक्षाही कमी, आमचा ठरलेला नियम मोडला. ह्यांनी वहीत नियमाच्या ओळीपुढं 'बंब सोडून' असं लिहून ठेवलं आहे.

पाटा-वरवंटा कुणी नेईल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी बैलहोंगलकडची एक बाई आली, खानावळीत स्वयंपाक करते. "एष्टरी अक्का?" मी दोनशे म्हटलं. "भाळ आत्री, स्वल्प कडिमी माड्री." म्हणजे फार होतंय, जरा कमी करा. मला बाजारापुरतं कन्नड येतं, तेवढ्यात आमचा सौदा चालला. तिनं पाट्यावरून तळहात फिरवला, गुळगुळीत झालाय, टाकी लावून घ्यावी लागेल म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. शेंगाचटणी मिक्सरमध्ये भुगा होते, पाट्यावर वाटली की तिचं तेल सुटतं, हे तिनं मला सांगायची गरज नव्हती, तरी दोघी त्यावर बराच वेळ बोललो. दीडशेला दिला. तिच्या मुलानं मोटरसायकलवरून नेला.

जातं कुणी घेतलं नाही. धोटेही नाहीत. एकानं शोभेला मागितले होते, ह्यांनी दिले नाहीत, ते आमच्याबरोबर हिंदवाडीला आले. बरण्या मात्र हातोहात गेल्या. कैऱ्या तोंडावर आलेल्या, त्यामुळं त्या दुप्पट असत्या तरी गेल्या असत्या.

कुणाला करायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. देवाची भांडी आणि स्वतःच्या रोजच्या वापरातलं आधीच कपाटात कुलूप लावून ठेवा, नाहीतर लोक नेमका तोच तांब्या मागतात. आणि दोघांनी मिळून बसा. भाव सांगायला एक आणि वस्तू कशी वापरायची ते सांगायला एक.

आलेल्या पैशातून पहिल्यांदा ठेवलेल्या पातेल्यांना कल्हई करून घेतली. कल्हईवाला हुडकायलाच वेळ लागला. परड्यात भट्टी लावून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानं त्यानं कथील फिरवलं तेव्हा गल्लीतली सगळी पोरं बघायला गोळा झाली होती. बाकीचे पैसे हिंदवाडीच्या बाल्कनीला ग्रिल करण्यासाठी ठेवलेत. माप घ्यायला माणूस गुरुवारी येणार आहे.