थंड ठेवून अमोनिया जास्त मिळतो, मग तापवतात कशाला?

अकरावीला रासायनिक समतोलाचा (म्हणजे पदार्थ तयार होणं आणि तो पुन्हा मोडणं सारख्याच वेगानं चालू असतं, त्या स्थितीचा) धडा निघाला की हा प्रश्न हमखास येतो. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिएचं तत्त्व सांगतं, की बदल केला तर समतोल त्या बदलाला विरोध करणाऱ्या बाजूला सरकतो. म्हणजे मिश्रण थंड ठेवलं तर अमोनिया जास्त मिळायला हवा. मग कारखान्यात 400-450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात कशाला?

तर्क चोख आहे. नेहमीच्या हवेच्या 200 पट दाब आणि 200 अंश तापमान असेल, तर समतोलात मिश्रणाचा 85 टक्क्यांच्या आसपास भाग अमोनिया असतो. तापमान 500 अंशांवर नेलं की तोच जेमतेम 18 टक्के. पण समतोल फक्त कुठवर जायचं ते सांगतो. किती वेळात, ते नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध भलता चिवट. क्रियेचा वेग वाढवणारा लोखंडाचा उत्प्रेरकसुद्धा चांगली धग मिळाल्याशिवाय कामाला लागत नाही. आणि उत्प्रेरक समतोल तसूभरही हलवत नाही, पुढची आणि मागची क्रिया सारख्याच पटीनं वेगवान करतो.

इथे मुलं अडतात, कारण समतोल म्हणजे क्रिया थांबली, हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. मग मी परीक्षानळ्या काढतो. फेरिक क्लोराइडमध्ये पोटॅशियम थायोसायनेट घातलं की लालभडक रंग येतो. पाणी घालून तो फिका करायचा आणि दोन नळ्यांत वाटायचा. एकीत थायोसायनेटचा थेंब टाकला, लाली चढते. दुसरीत फेरिक क्लोराइडचा टाकला, तिथंही चढते! म्हणजे दोन्ही मूळ पदार्थ शिल्लक होतेच. क्रिया चालूच असते याचा पुरावा ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, देतो: अमोनियाच्या समतोलातल्या मिश्रणात तो मिसळला तर काही वेळानं अमोनियातही सापडतो.

परीक्षेत 'समतोल कोणत्या बाजूला सरकेल?' एवढंच विचारतात, वेगाचा धडा वेगळा. माझ्या मते हे दोन धडे एकत्रच शिकवायला हवेत. खुद्द ल शातेलिएनं 1901 साली अमोनियाचा प्रयोग केला होता. यंत्रात हवा राहिली, स्फोट झाला आणि त्यानं तो नाद सोडला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरला ते 1909 मध्ये जमलं, 1913 मध्ये जर्मनीत ओप्पाऊला कारखाना उभा राहिला.

आपल्याकडे अलिबागजवळ थळला युरियासाठी अमोनिया होतो, तोही याच मार्गानं. एका फेरीत साधारण 15 टक्केच वायूंचा अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा उत्प्रेरकावर सोडतात.