तळघरातलं पाणी आणि तीनदा 'निकाली' निघालेली तक्रार

तळघरात ओल आली की आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लावू नका. मी लावला आणि बेचाळीस हजार घालवून बसले.

आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, उताराच्या रस्त्याला लागून. तळघरात माझी तीन शिवणयंत्रं, एक ओव्हरलॉक आणि गिऱ्हाइकांचे कपडे. पावसाळा सरला तरी रस्त्याकडच्या भिंतीचे पोपडे सुटत राहिले, म्हणून दिवाळीआधी आतून कोटिंग मारून घेतलं. "वहिनी, दहा वर्षं बघायला नको," असं म्हणून ठेकेदार गेला. दहा आठवड्यांत कोटिंगला पुरीसारखे फुगे आले. एक बोटानं दाबला, तर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पाणी बाहेरून रेटत असेल तर आतला रंगासारखा थर ते सहज ढकलून देतं, हे मला नंतर कळलं. तोवर एका मुलीच्या शालूला खालच्या घडीवर डाग पडला होता. त्याचे पैसे मी भरले, ते बेचाळीस हजारांत धरलेले नाहीत.

जानेवारी संपत आला. पावसाचा टिपूस नाही आणि भिंत मात्र ओली. आमच्या भागात पाणी एक दिवसाआड येतं, सकाळी सहा ते साडेआठ. कपड्यावर आखायचा खडू हाताशी होताच. रोज दुपारी ओलीच्या वरच्या कडेला रेघ मारून तारीख टाकत गेले. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं: पाण्याच्या दिवशी रेघ चार बोटं वर, कोरड्या दिवशी परत खाली. नणंद आरोग्यसेविका आहे. तिनं भिंतीखालचं पाणी नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले आणि पाणी फिकट पिवळं झालं. "वहिनी, क्लोरीन आहे. हे नळाचं पाणी." (पिवळं झालं नाही तर लगेच सुटलो म्हणू नका. मातीतून येता येता क्लोरीन संपूनही जातो.)

इथून पुढे पाणीपुरवठा ऑफिस. ऑनलाइन तक्रार केली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' घरी कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं. दुसरी तक्रार केली, तोच मेसेज. तिसरी तर दुपारी केली आणि संध्याकाळी निकाली. मग फोटो घेऊन स्वतः गेले. साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी भेटले आणि फोटो न बघता म्हणाले, "मॅडम, तळघर तुमचं आहे. फेरूलच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं आमचं." (फेरूल म्हणजे रस्त्यातल्या मुख्य पाइपावर घराचा नळजोड जिथं बसवतात तो जोड.) मी म्हटलं, "मग फेरूल कुठंय ते तरी दाखवा." त्यावर त्यांनी मला अर्ज द्यायला सांगितलं.

खरी माहिती दिली ती वॉलमननं. पाणी सोडायला येतो तो. त्याला चहा दिला, रेघा दाखवल्या. त्यानं लोखंडी पहार रस्त्याच्या कडेला टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि मला बोलावलं. मीही कान लावला. आत कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक सूं आवाज. शेजारचं जुनं घर चार वर्षांपूर्वी पाडलं, तेव्हा त्याचा नळजोड फेरूलपासून न तोडता नुसता बूच मारून ठेवला होता. गंजलेला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप तिथंच कुठंतरी फुटला होता.

हे अर्जात लिहिलं, तर नवीन फाटा फुटला. नळजोड शेजाऱ्याच्या नावावर, म्हणून त्याची ना हरकत आणा. शेजारी परगावी. त्यानं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं, तर ते चालत नाही, सही शाई पेनची हवी. कुरिअरनं कागद आला तोवर खाली रॅकची सगळ्यात खालची फळी फुगली होती आणि तिच्यावरची यंत्रं मी हॉलमध्ये आणून ठेवली होती. कागद दिला, तर आवक-जावकच्या बाई जेवायला गेलेल्या. टेबलावर ठेवून जा म्हणाले. मी ठेवला नाही. पाऊण तास बसले आणि शिक्क्याची पोच घेऊनच उठले. ही एक गोष्ट मी बरोबर केली. तुम्हीही पोच सोडू नका.

त्या पाऊण तासात डोक्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. गळती दुरुस्त करा असं त्यात लिहिलंच नाही. एवढंच विचारलं: या तीन तक्रारी बंद करण्यापूर्वी जागेवर कोण आलं, कोणत्या तारखेला, आणि स्थळपाहणी अहवालाची प्रत द्यावी. नवव्या दिवशी सकाळी दाराशी चार माणसं आणि एक कुदळ. चाळीस मिनिटांत फेरूल बंद. खोटं कशाला बोलू, मी गॅलरीत उभी राहून पूर्ण वेळ बघितलं.

भिंत सुकायला दोन महिने दिले. मग जुनं कोटिंग खरवडून, भेगांत नोझल बसवून ग्राउट, म्हणजे भेगा बुजवणारं पातळ मिश्रण, भरलं, भिंत आणि फरशीच्या सांध्याला वाटा मारला, म्हणजे कोपरा गोलसर भरून घेतला, वर सिमेंटमधलं क्रिस्टलाइन कोटिंग (छिद्रांत स्फटिक धरून ती बुजवणारं) दोन हात. मिस्त्री चांगला होता, सांगण्यासारखं काही घडलं नाही. पावसाळ्यात तळघर कोरडं राहिलं.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: ओल भिंतीतून येतेय की हवेतली, हे बघायला भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर झिरप, खोलीकडच्या बाजूला आले तर दमट हवा. आणि पाणी आलेलं असताना घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर गळती तुमच्याच पाइपात आहे, ऑफिसशी भांडायला जाऊ नका.

माहिती अर्जाचं उत्तर एकोणतिसाव्या दिवशी पोस्टानं आलं. एक ओळ: 'सदर स्थळपाहणी अहवाल कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.'