रिद्धपूरच्या पोथ्या बघायला जाताना

एखादं काम रेंगाळलं की आपण वैतागून म्हणतो, 'बासनात गुंडाळून ठेवलं'. रिद्धपूरच्या एका मठात वयोवृद्ध बाबांनी माझ्यासमोर लाल बासनाची गाठ सोडली. एक घडी उलगडली, मग दुसरी, मग तिसरी. आतून वेखंडाचा वास आला आणि वीतभर लांबीची, दोऱ्याने शिवलेली पोथी बाहेर निघाली. बासनात गुंडाळली होती म्हणूनच ती माझ्यापर्यंत पोचली होती.

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं गाव. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. पंथातल्या म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून चक्रधरस्वामींच्या आठवणी, म्हणजे लीळा, गोळा केल्या आणि लीळाचरित्र हा स्वामींचा चरित्रग्रंथ सिद्ध केला तो इथे, शके 1200 च्या सुमारास. आद्य मराठी कवयित्री महदंबेचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, इथलेच. पुढे धाडीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी आठवून आठवून त्या पुन्हा लिहवल्या. त्यामुळे आज या ग्रंथाची एकाहून अधिक रूपं आहेत. महानुभाव साहित्याचे अभ्यासक वि. भि. कोलते यांनी बऱ्याच हस्तलिखितांवरून संपादन केलं, ते 1978 साली छापून आलं. जाण्याआधी त्यातल्या निदान वीसपंचवीस लीळा वाचून जा. पोथी उघडल्यावर एखादी ओळखीची ओळ सापडते तेव्हा होणारा आनंद कोऱ्या मनाने गेलेल्याला मिळत नाही.

मी आणि माझा पुतण्या अमरावतीला मुक्काम करून सकाळच्या एसटीने गेलो. रेल्वेने येणाऱ्यांनी बडनेऱ्याला किंवा अमरावतीला उतरावं. शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या कडेला संत्र्याचे बगीचे लागतात. दिवाळी ते माघ हा काळ उत्तम. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन माणसाला बसू देत नाही, आणि पावसाळ्यात हवा दमट म्हणून जाणती माणसं पोथी उघडायला राजी नसतात. त्यांचं बरोबरच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचनालय नाही. चिठ्ठी भरली आणि ग्रंथ हाती आला, असं इथे होत नाही. पोथी इथे देवघरातली वस्तू आहे, रोज तिला नमस्कार होतो. आदल्या वर्षी मी न कळवता गेले होते, तो नेमका उत्सवाचा दिवस निघाला. मठात पाय ठेवायला जागा नव्हती. नुसतं दर्शन घेऊन परतले. या वेळी ओळखीतून आधी निरोप धाडला, दिवस विचारून घेतला. गेल्यावर 'दंडवत प्रणाम' म्हणावं, तिथला तोच रिवाज आहे. हातपाय धुऊन बसावं, येण्याचं कारण सरळ सांगावं. बाबांनी मला एवढंच विचारलं, "पाहाचं हाय का वाचाचं हाय?" वाचायचं आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग घाई नका करू जी. आधी चाय घ्या."

चहा होईपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात कळलं की मागे एकाने झेरॉक्स काढतो म्हणून एक पोथी नेली ती परत आलीच नाही. म्हणून पोथी मठाबाहेर न्यायची गोष्टही काढू नका. फोटोसाठी आधी विचारा, हो म्हणाले तरी फ्लॅश बंद ठेवा. खिडकीशी, सकाळच्या उजेडात, चांगले फोटो येतात.

आमच्यासमोरची पोथी सकळ लिपीत होती. ही महानुभावांची सांकेतिक लिपी. अक्षरांची अदलाबदल केलेली असते, त्यामुळे देवनागरी येणाऱ्यालाही नुसता गोंधळ दिसतो. पंथाबाहेरच्या अभ्यासकांपुढे तिची उकल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे यांच्यामुळे आली. अक्षरांचा तक्ता छापील पुस्तकांत मिळतो, तो वहीत उतरवून न्या. मी तो घरी महिनाभर गिरवला होता, तरी तीन तासांत माझी चारच पानं झाली. पुतण्या दुसऱ्या तासाला माझ्यापेक्षा भराभर वाचायला लागला.

तिसऱ्या पानावर एके ठिकाणी काळ्याभोर ओळीच्या मध्येच बोटाच्या पेराएवढा पिवळा पट्टा दिसला. हरताळ! लेखनिकाचं अक्षर चुकलं की त्यावर हा पिवळा रंग लावायचा आणि वाळला की वर पुन्हा लिहायचं. 'हरताळ फासणे' यातला हरताळ तो हाच. आपण आज हे शब्द केलेल्या कामाची वाट लागली की वापरतो. त्या लेखनिकाने मात्र ते काम शुद्ध राहावं म्हणून तो फासला होता. वर नवं अक्षर इतकं नीट बसवलं होतं की मी भिंगातून बराच वेळ तेच बघत राहिले. एक सांगते, हरताळ म्हणजे सोमलाच्या (आर्सेनिकच्या) जातीचं विष. पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. बघून झाल्यावर साबणाने हात धुवा.

सोबत भिंग, पेन्सिल आणि रेघी वही हवी. शाईचं पेन पोथीजवळ आणू नका. डोक्याला तेल लावून जाऊ नका, पानावर पडलेला तेलाचा डाग निघत नाही. पोथीच्या शेवटी लेखनाचा शक दिला असेल तर त्यात 78 मिळवा, इसवी सन निघतो. उघडलेली पोथी पालथी ठेवू नका आणि बासनाची गाठ त्यांनाच बांधू द्या.

2024 पासून रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. अभ्यासासाठी जाणाऱ्यांनी तिथेही चौकशी करावी.

निघताना बाबांनी फोटोंच्या छापील प्रती मागितल्या. मोठ्या अक्षरात, कारण आता मूळ पोथीतलं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. चार पानांच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. संक्रांतीनंतर जाऊन देणार आहे, पुढची पानंही तेव्हाच वाचायची ठरली आहेत.