यूसॉर्टमधली ती एक वजाबाकी

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं एक जुनं काम पायथन या दुसऱ्या भाषेत आणायचं होतं. त्यात 340 नोंदींची एक यादी होती, सरासरी गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलेली. बाकीचं सगळं एका दिवसात उरकलं. अडले ते या क्रमवारीपाशी, आणि तिथे तीन दिवस गेले. अजूनही आठवलं की चिडचिड होते, म्हणून लिहून ठेवते आहे.

पीएचपीतलं यूसॉर्ट आपण दिलेल्या तुलनेच्या फंक्शनप्रमाणे यादी लावतं. त्याला दिलेलं फंक्शन एका ओळीचं होतं : दुसऱ्या नोंदीच्या सरासरीतून पहिलीची वजा करायची आणि उत्तर परत द्यायचं. ऋण आलं तर पहिली नोंद आधी, धन आलं तर दुसरी आधी, शून्य आलं तर दोन्ही सारख्या. पायथन 3 मध्ये सॉर्टला असं फंक्शन थेट देता येत नाही, पण फंक्टूल्स या मॉड्यूलमधलं सीएमपी टू की ती सोय करून देतं. तीच वजाबाकी त्यात घातली आणि 12 नोंदींवर चालवून पाहिली. निकाल तंतोतंत जुळला. मग खरी यादी चालवली, तर शंभराहून जास्त ओळी जागा सोडून बसलेल्या.

दोन दिवस मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होते. डेटा तपासला, एन्कोडिंग तपासलं, वजाबाकीची दिशा उलटसुलट करून पाहिली. तिसऱ्या दिवशी दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेक ओळ वाचायला घेतली. जुन्या यादीत 4.2 ची नोंद वर होती आणि 4.6 ची तिच्या खाली. म्हणजे जुनी यादीच चुकीची होती, आणि मी बरोबर असलेली यादी दुरुस्त करत बसले होते!

कारण पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तुलनेच्या फंक्शनने अपूर्णांक परत दिला, तर पीएचपी आतल्या आत त्याचा पूर्णांक करतं. 0.4 चा झाला 0. म्हणजे 4.2 आणि 4.6 सारखेच. पायथन असं काही करत नाही, त्याच्या लेखी 0.4 हे शून्यापेक्षा मोठंच. माझ्या 12 नोंदींत सगळे गुण 3, 4, 5 असे पूर्ण होते, म्हणून तिथे काही दिसलंच नाही. चाचणीला खरा डेटाच घ्या, तोही भरपूर. त्याचं आणखी एक कारण खाली येतंच आहे.

सांगितलं होतं की निकाल जुन्यासारखाच हवा. म्हणून मी पायथनमध्येही उत्तराला इंट (पूर्णांक करणारं फंक्शन) लावून दशांश उडवले. फरक कमी झाले, पण संपले नाहीत. इथे मला खरं कोडं पडलं. कागदावर तीन आकडे मांडले : 3.4, 4.1, 4.6. दशांश उडवले की 3.4 आणि 4.1 सारखे, 4.1 आणि 4.6 सारखे, पण 4.6 मात्र 3.4 च्या आधी. अशा तुलनेतून एकच एक क्रम निघूच शकत नाही. कोणाची तुलना कोणाशी आधी होते, त्यावर निकाल ठरतो. पायथनचं टिमसॉर्ट (त्याची क्रम लावायची पद्धत, म्हणजे अल्गोरिदम) शेजारशेजारचे आकडे पाहतं आणि ही यादी जशीच्या तशी परत देतं, कारण 3.4 आणि 4.6 समोरासमोर येतच नाहीत. पीएचपीचा अल्गोरिदम वेगळा, त्याच्या तुलनांचा क्रमही वेगळा. हुबेहूब निकाल हवा असेल तर तो अल्गोरिदमच उतरवावा लागला असता, आणि तेही एक चूक जपण्यासाठी. हे आकडे मांडून दाखवले तेव्हा जुनी यादी सुधारायला होकार मिळाला.

आधी जुन्या कोडमध्ये वजाबाकी काढून स्पेसशिप ऑपरेटर (<=> हे तुलनेचं चिन्ह) घातला. पीएचपी 7 पासून तो आहे आणि तो नेहमी -1, 0 किंवा 1 च देतो. तरीही सारख्या गुणांच्या नोंदी पुढेमागे होतच राहिल्या. सर्व्हरवर पीएचपी 7.4 होतं, आणि पीएचपीचं सॉर्ट स्थिर झालं, म्हणजे सारख्या नोंदींचा मूळ क्रम जपू लागलं, ते 2020 मध्ये आलेल्या 8.0 पासून. त्याआधीच्या पीएचपी 7 मध्ये 16 पर्यंत नोंदींच्या अ‍ॅरेला (म्हणजे यादीला) इन्सर्शन सॉर्ट ही सारख्या नोंदी न हलवणारी पद्धत लागायची, म्हणून छोट्या यादीत सारख्या नोंदी जागेवर राहायच्या. मोठ्या यादीत तशी हमी नव्हती. माझ्या 12 नोंदींनी इथेही फसवलं. मग दोन्हीकडे गुणांनंतर नोंद क्रमांकाची तुलना जोडली. पायथनमध्ये तर तुलनेचं फंक्शनच काढून टाकलं. की (क्रम लावायचा निकष) म्हणून उणे सरासरी आणि क्रमांक यांचा टपल (आकड्यांची जोडी) दिला, झालं.

एक राहिलंच. सरासरी रिकामी असेल तर पीएचपी वजाबाकीत नलला (रिकाम्या किमतीला) 0 धरतं, पायथन नन (त्याची रिकामी किंमत) पाहून तिथेच टाइप एरर देतं. अशा नोंदी कुठे बसवायच्या ते आधी ठरवा. आणि यूसॉर्टच्या जागी यूएसॉर्ट दिसलं तर थांबा, ते अ‍ॅरेच्या कीज (नोंदींची नावं किंवा क्रमांक) जपतं. पायथनमध्ये त्यासाठी लिस्ट नाही, डिक्ट (कीसकट नोंदी ठेवणारी रचना) लागेल. जावास्क्रिप्टमध्ये नेणार असाल तर तुलनेचं फंक्शन विसरू नका, नाहीतर आकडे अक्षरांसारखे लागतात आणि 10 हा 9 च्या आधी येतो.

शेवटी दोन्ही फाइल्सचा डिफ घेतला. 340 ओळी, एकही फरक नाही. तो रिकामा स्क्रीन मी बराच वेळ बघत बसले होते.