जांभळी नळी

स्टॅनस क्लोराइड ओतल्याबरोबर नळीतलं द्रावण जांभळं झालं. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेल्या जांभळाच्या डागासारखा रंग. पारा मोजताना असं कधी होत नाही. पाऱ्याच्या द्रावणात स्टॅनस क्लोराइड घातलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही. पारा वाफ होऊन सुटतो, आर्गॉनचा झोत त्याला यंत्राकडे घेऊन जातो, आणि आपण पडद्यावरचा आकडा बघतो. मी नळी खिडकीकडे धरून उभी राहिले. मग एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला पाठ केलेलं आठवलं: कॅशियसचा जांभळा. द्रावणात सोनं असलं की स्टॅनस क्लोराइडने, म्हणजे कथिलाच्या क्षाराने, हा रंग येतो.

नमुना होता एका घरातल्या चुलीमागच्या राखेचा.

घर झारेकऱ्याचं, म्हणजे सोनारांच्या केरातून सोनं धुऊन काढणाऱ्याचं. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी सराफ गल्लीच्या मागून नाला जातो आणि पुढे तापीला मिळणाऱ्या एका ओढ्यात पडतो. तापीच्या उपनद्यांमधल्या जड धातूंचं आमचं काम चालू होतं, त्यात या नाल्याच्या गाळात पारा एवढा सापडला की मी तीनदा मोजला. बातमी गावात गेली आणि दोन तट पडले. निम्मं गाव म्हणे हे विटांच्या राखेतून येतंय. वीज केंद्राची राख इथल्या वीटभट्ट्यांवर येते आणि कोळशात पारा असतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. निम्मं गाव म्हणे सोनारकामाचा. नगरपालिकेने आम्हाला पत्र पाठवलं: स्रोत निश्चित करून द्यावा.

पारा किती आहे हे सांगणं सोपं. तो कुठून आला हे सांगायला समस्थानिक लागतात, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. पाऱ्याचे सात स्थिर समस्थानिक आहेत: १९६, १९८, १९९, २००, २०१, २०२ आणि २०४. पारा तापला, उडाला, जिवाणूंनी बदलला की हलके आणि जड समस्थानिक थोडे वेगवेगळे वाटले जातात. हा बदल वजनाच्या हिशेबात बसतो. पण १९९ आणि २०१ हे दोन विषम समस्थानिक सूर्यप्रकाशातल्या काही क्रियांमध्ये वजनाचा हिशेब मोडतात, त्यांच्या अणुकेंद्राच्या चुंबकीय गुणामुळे. मिशिगन विद्यापीठातल्या बर्गक्विस्ट आणि ब्लम यांनी २००७ मध्ये हे दाखवलं आणि आमच्या विषयाचं रूपच पालटलं. माशातल्या पाऱ्यावर ही उन्हाची सही असते, कारण मिथिल पारा, म्हणजे जिवाणूंनी बदललेला पारा, माशापर्यंत पोचण्याआधी त्याचा काही भाग पाण्यात उन्हाने मोडलेला असतो. झाडाच्या पानात, आणि म्हणून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांपासून झालेल्या बऱ्याच कोळशातही, ती सही उलट्या दिशेला सरकलेली दिसते. बाटलीतून विकत मिळणाऱ्या पाऱ्यात ती जवळपास शून्य असते, कारण तो खनिज भाजून काढलेला असतो. ऊन त्याने पाहिलेलंच नसतं.

म्हणजे राख की सोनार, या प्रश्नाचं उत्तर खरंच मिळण्यासारखं होतं. ही संधी रोज येत नाही, म्हणून मी सगळे नमुने स्वतः गोळा केले. नाल्याचा वरच्या अंगाचा गाळ, गल्लीखालचा गाळ, वीटभट्टीवरची राख, गावाबाहेरच्या शेतातली माती. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना मी हात लावू देत नाही. साध्या पॉलिथिनमधून पाऱ्याची वाफ आरपार जाते. एका पिशवीतला पारा शेजारच्या पिशवीत शिरतो आणि मग शेतातली मातीसुद्धा सोनारकामाची दिसायला लागते. काचेच्या बाटल्या, आम्लाने धुतलेल्या, थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर. मे महिना, भुसावळचा उन्हाळा, खोक्यातला बर्फ दुपारपर्यंतही टिकत नव्हता. ड्रायव्हरकाकांनी तीन ठिकाणी गाडी थांबवून उसाच्या गुऱ्हाळवाल्यांकडून बर्फ घेतला. आमच्या कार्यालयात या कामासाठी शीतपेटीची मागणी चार वर्षं पडून आहे.

झारेकऱ्याच्या घरी मी शेवटी गेले. बाबा सत्तरीच्या आसपासचे, घरात सून आणि दोन नातवंडं. गल्लीतल्या कारागिरांच्या बैठकीखालचा केर, हात धुतल्या पाण्याचा गाळ, झिजलेली घासकापडं, हे सगळं ते पोत्याच्या भावाने विकत घेतात. केर जाळतात, कुटतात, परातीत पाण्याने धुतात. खाली राहतो त्या काळ्या गाळात पारा घालून तळहाताने मळतात. पारा सोन्याचे कण गिळतो. मग जाड कापडातून पिळून सुटा पारा परत बाटलीत, आणि कापडात उरलेली करडी गोळी चुलीवर. पारा ३५७ अंशांना उकळतो. गोळी तापली की तो उडून जातो, मागे सच्छिद्र पिवळट ढेप राहते. ती मुशीत सवागी, म्हणजे टाकणखार, घालून आटवली की सोनं. हे सगळं एका खोलीत, जिथे भाकरी होते तिथेच. बाबांनी मला बशीतून चहा दिला तेव्हा बशीची कड कपाला सारखी वाजत होती. मी काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

चुलीमागची राख आणि वरच्या पत्र्यावरची काजळी मी ब्रशने बाटलीत झाडून घेतली. त्यातली राख अम्लराजात, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवून पाऱ्याचं प्रमाण बघायला घेतली, आणि नळी जांभळी झाली.

रंग सुंदर होता, पण माझ्या कामाचं वाटोळं करणारा. स्टॅनस क्लोराइडने सोनंही धातुरूपात येतं, आणि धातुरूपातलं सोनं पारा धरून ठेवतं. बाबा परातीत जे करतात तेच नळीत घडत होतं. निम्मा पारा सुटला, निम्मा अडकला. समस्थानिकांच्या कामात निम्मा पारा निघणं हे काहीच न निघण्यापेक्षा वाईट, कारण जो सुटतो आणि जो अडकतो त्यांच्यात हलक्या-जडाची वाटणी झालेली असते. आकडा येतो, दिसायला नीट दिसतो आणि खोटा असतो. आमच्या सरांचं म्हणणं होतं, तो नमुना वगळ, गाळाचे नमुने पुरेसे आहेत. सर चांगले आहेत, पण अहवालाची तारीख जवळ आली की त्यांना प्रत्येक अडचण वगळण्याजोगी वाटते.

मी वगळला नाही. नमुना आम्लात न विरघळवता जाळून पारा काढायचं ठरवलं. क्वार्ट्‌झची नळी, तिच्याभोवती दोन कप्प्यांची भट्टी. पहिला कप्पा हळूहळू ७५० अंशांपर्यंत चढवायचा, दुसरा १००० वर धरून ठेवायचा म्हणजे धूर पूर्ण जळतो. ऑक्सिजनच्या झोताबरोबर पारा पुढे जातो आणि नायट्रिक जास्त असलेल्या उलट्या अम्लराजात बुडबुड्यांनी विरघळतो. सोनं मागे नळीतच राहतं. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कारागिराने भट्टीचं कवच तीन दिवसांत करून दिलं, आणि नळीच्या तोंडाचा सांधा असा बसवला की साबणाच्या पाण्याला एक बुडबुडा आला नाही. एका नमुन्याला सहा तास लागतात. पाचव्या प्रयत्नाला घातलेला पारा जवळपास सगळा परत मिळाला, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि प्रयोगशाळेत मी एकटी होते. ते काम माझं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

समस्थानिक मोजणारं यंत्र खानदेशात नाही. द्रावणं घेऊन मी परराज्यातल्या संस्थेत गेले. आठवडाभराची वेळ मिळाली होती. प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असं प्रमाण द्रावण, यंत्राची चूक सुधारायला सोबतीला थॅलियम, मध्येमध्ये स्पेनच्या अल्मादेन खाणीतल्या पाऱ्याचं द्रावण. त्याचं उत्तर दर हजारी उणे ०.५७ च्या आसपास आलं नाही तर त्या दिवसाचं सगळं काम फेकायचं. ते आलं, रोज आलं.

आकडे कागदावर मांडले तेव्हा शंकेला जागा उरली नाही. वीटभट्टीच्या राखेचे विषम समस्थानिक शून्यापासून दूर होते. शेतातल्या मातीचेही. गल्लीखालच्या गाळाचे मात्र शून्याला टेकलेले. चुलीमागची राख जड, पत्र्यावरची काजळी हलकी, आणि नाल्याचा गाळ बरोबर दोघांच्या मध्ये. एकच पारा तापून दुभंगला होता: उडालेला हलका भाग वर चिकटला, मागे उरलेला जड भाग खाली राहिला, आणि परातीचं पाणी होतं ते सरळ नाल्यात. इतकं स्वच्छ उत्तर मला आजवर कधी मिळालं नव्हतं. परतीच्या गाडीत मी तो आलेख पुन्हा पुन्हा काढून बघत होते.

नगरपालिकेतल्या बैठकीत एका तज्ज्ञ पाहुण्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालातली आकृती पडद्यावर लावली: जगात माणसांच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सुमारे ३८ टक्के वाटा छोट्या सोनेखाणींचा. आकडा बरोबर आहे, पण इथे खाण कुठे आहे? इथे दुकानातला केर आहे, आणि त्या केरातून निघालेलं सोनं त्याच गल्लीत परत विकलं जातं. मी अहवालात हे लिहिलं होतं. केर विकणारे किती, सोनं घेणारे किती, पारा कोण पुरवतं, आणि बंद भांड्यात गोळी तापवून वाफ पाण्यात थंड केली तर बहुतेक पारा परत मिळतो, हेही. दीड पान होतं. अंतिम प्रतीत ते नव्हतं. ‘विषयाबाहेरचं’ म्हणून गेलं. राहिलं एक वाक्य: पाऱ्याचा स्रोत झारेकाम असल्याचे समस्थानिक पृथक्करणावरून निश्चित होते.

वाक्य खरं आहे. माझंच आहे. पण गल्लीत झारेकाम करणारं घर एकच, त्यामुळे ते वाक्य म्हणजे बाबांचं नाव. पंधरा दिवसांत त्यांना नोटीस गेली. सराफ गल्लीतल्या एकाही दुकानाला गेली नाही. विषम समस्थानिकांनी मला पारा चुलीपर्यंत पोचवून दिला, आणि चुलीपाशी सगळे थांबले.

मी परत गेले ते सुट्टीच्या दिवशी, गाडी न मागता, एस्टीने. बाबांच्या आणि सुनेच्या लघवीच्या तपासणीसाठी बाटल्या घेऊन. पाऱ्याची वाफ अंगात गेली असेल तर ती लघवीत दिसते. केस तपासून माशातला पारा कळतो, हा नाही. बाबांनी नोटीस घडी घालून दिव्याच्या कोनाड्यात ठेवली होती. मी मोबाईलवर त्यांना जांभळ्या नळीचा फोटो दाखवला.

“हे सोनं हाये?” त्यांनी विचारलं.

“हो बाबा. तुमच्या चुलीमागच्या राखेतलं.”

त्यांनी फोटो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला. “पन्नास वरसं धुतो मी. मले वाटे एक कणबी सोडत नाही.” मग थोड्या वेळाने, “किती असन?”

फार थोडं, मी म्हटलं, गुंजेचा हजारावा भागसुद्धा नसेल. त्यांनी मान हलवली. सून दारात उभी होती. तिने विचारलं, लेकरांना इथून हलवावं का? मी सांगितलं, गोळी तापवताना तरी लेकरं बाहेर, भाकरी दुसरीकडे, आणि बंद भांड्याचं मी बघते. एमआयडीसीतल्या त्याच कारागिराकडून लोखंडी पाइपाचं भांडं करून घ्यायचं ठरवलंय. ती म्हणाली, जागाच सोडायला लावली तर भांडं काय करायचं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निघताना बाबा नाल्यापर्यंत आले.

“ताई, तुम्ही या घराची माती नेली. हे घर तं आत्ताचं, आठ वरसाचं. आधी आम्ही वरच्या आळीत होतो. माझ्या बापानंबी तठेच केलं, मीबी केलं. आता तठे अंगणवाडी भरते.” जरा थांबून म्हणाले, “तठली माती पाहा ना. लेकरं जमिनीवर बसता.”

अंगणवाडीच्या सेविकेने कपाट सरकवायला मदत केली. कपाटामागची धूळ, उंबऱ्याच्या फटीतली माती आणि खिडकीवरच्या पत्र्याची काजळी, अशा तीन बाटल्या घेऊन मी संध्याकाळच्या एस्टीने परतले. पहिला नमुना आज सकाळी भट्टीत घातलाय. नमुन्यांच्या वहीत जागा, तारीख, खोली, सगळं भरलं आहे. ‘माहिती कोणाकडून मिळाली’ हा रकाना अजून कोरा ठेवलाय.