टॅब दाबला तरी एरर

रविवारी सकाळी सहा दहाला फोन वाजला तेव्हा मी कराडजवळ मामाच्या गावी होतो, ओसरीवर आडवा, आणि सुट्टीवर होतो हे मुद्दाम सांगतोय. पलीकडे, ज्यांचा सर्व्हर आम्ही सांभाळतो त्या एका डेअरीच्या संकलन केंद्रावरचा ऑपरेटर. "सर, लॉगिनच होत नाही ओ, माणसं कॅन घेऊन उभी आहेत, वजन झालं, फॅट निघाली, पावती निघंना." त्याला म्हटलं सध्या वहीत लिहून घ्या. तो म्हणाला, ते केव्हाच चालू केलंय.

दूध काही थांबत नाही. ऑफिसमधली बाकीची ॲप्लिकेशन्स तासभर बंद पडली तर लोक चहाला जातात, इथे म्हशीचं वेगळं, गाईचं वेगळं, प्रत्येकाची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वेगळी, त्यावर दर, आणि वहीतलं सगळं नंतर कोणीतरी एकेक करून टाकायचं.

पुण्यातली आमची ज्युनिअर माझ्या आधीच सर्व्हरवर पोचली होती. "दादा, लॉगमध्ये नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस येतंय, पण डीएफ मायनस एच मारलं तर डिस्क फक्त 60 टक्के भरलीये, मी रिस्टार्ट करू का?" (नो स्पेस म्हणजे डिस्कवर जागा नाही, आणि डीएफ म्हणजे डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड.) म्हटलं थांब, रिस्टार्ट नको, मी येतो. आणि येतो म्हणजे कसा, तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, तोही ओसरीच्या एका कोपऱ्यातच रेंज असलेला, त्यामुळे लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवून मी उभा.

एसएसएच लागलं, म्हणजे लांबून सर्व्हरवर शिरलो. पण एक अक्षर टाईप केलं की दोन सेकंदांनी स्क्रीनवर उमटायचं. असल्या लाईनवर शेल, म्हणजे कमांड टाईप करायची काळी स्क्रीन, वापरलं की कळतं आपण रोज किती फुकटच्या की दाबतो ते. डावा बाण धरून ठेवून कमांडच्या सुरुवातीला जाणं वगैरे विसरा, कंट्रोल ए, संपला विषय. पहिलं काम केलं टीमक्समध्ये शिरलो, कारण लाईन तुटणार हे नक्की होतं आणि टीमक्समध्ये असलं की लाईन तुटली तरी चालू काम सर्व्हरवर चालूच राहतं, परत येऊन अटॅच व्हायचं. (चार वेळा तुटली.)

मग सवयीने सीडी स्लॅश व्हीएआर स्लॅश एसपी टाईप केलं आणि टॅब दाबला. स्पूल हे फोल्डरचं नाव आपोआप पूर्ण व्हायच्या ऐवजी आलं काय, तर बॅश (त्या सर्व्हरवरचं शेल) म्हणतंय हिअर डॉक्युमेंटसाठी, म्हणजे कमांडला आतूनच दिलेल्या मजकुरासाठी, टेम्प फाईल बनवता येत नाही, जागा नाही. आता मी तर फक्त टॅब दाबला होता! पण त्या सर्व्हरवरचं बॅश जुनं, 5.0, आणि टॅबने नाव पूर्ण करून देणाऱ्या स्क्रिप्ट्स आतून छोटी टेम्पररी फाईल बनवतात, ती टेम्पमध्ये जाते आणि टेम्प त्याच डिस्कवर. म्हणजे ज्युनिअरची काही चूक नव्हती, जागा खरंच संपली होती आणि 40 टक्के रिकामीही होती. दोन्ही खरं.

एवढ्यावर माझी ट्यूब पेटली. डीएफ मायनस आय, म्हणजे जागा नाही, आयनोड किती उरले ते.

आयनोड 100 टक्के.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयनोड म्हणजे डिस्कवरची एकेका फाईलची नोंद. ईएक्सटी4 मध्ये (डिस्कवर फाईली मांडायची लिनक्सची एक पद्धत) डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं की जास्तीत जास्त किती फाईली मावणार, डिफॉल्टला दर 16 केबीला एक आयनोड. आमचं रूट पार्टिशन 20 जीबीचं, म्हणजे 13 लाख 10 हजार 720 फाईली, त्यात फोल्डरही धरलेले. गोडाऊन अर्धं रिकामं असलं तरी आवकची वही संपली तर नवीन पोतं आत घेता येत नाही, तसलं. आणि पीएचपीला (आमचं ॲप्लिकेशन ज्या भाषेत आहे ती) प्रत्येक लॉगिनला सेशनची एक नवी फाईल लागते, ती बनेना म्हणून लॉगिन होईना.

टॅबशिवाय काम म्हणजे चपलेशिवाय ढेकळांतून चालणं. पण डेव्ह एसएचएम हे फोल्डर रॅममध्ये असतं, तिथे या डिस्कचा संबंध नाही. एक्स्पोर्ट टीएमपीडीआयआर बरोबर डेव्ह एसएचएम, म्हणजे टेम्प फाईली तिथे बनव, एंटर, आणि टॅब परत जिवंत. ही एक ओळ मी कुठेतरी वर्षांपूर्वी वाचलेली, कधी वापरायची वेळ आली नव्हती.

आता एवढ्या फाईली आहेत कुठे? डीयू मायनस मायनस आयनोड्स, मायनस एक्स, स्लॅश, पाईप, सॉर्ट मायनस एन, पाईप, टेल. म्हणजे प्रत्येक फोल्डरमधले आयनोड मोज, लहान ते मोठे लाव, शेवटचे दाखव; पाईप एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देतो. ही ओळ दीडेक मिनिट चालली तेवढ्यात मामा समोरच्या उसाला पाणी सोडायला पाईप जोडत होता, एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, आणि मला आठवलं की बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉयने 1964 मध्ये एका टिपणात लिहिलेलं की प्रोग्रॅम बागेच्या पाईपसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत. युनिक्समध्ये (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती सिस्टिम) ते प्रत्यक्ष आलं 1973 ला. मामाला सांगितलं तर म्हणाला, "मग गळती कुठं हाय ते सापडलं का?"

सापडली. व्हीएआर स्पूल पोस्टफिक्स मेलड्रॉप. पोस्टफिक्स म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्रॅम, त्याचं हे फोल्डर. 11 लाख 41 हजार 806 फाईली.

ज्युनिअर लगेच तिथे एलएस (फाईलींची यादी) मारायला निघाली, म्हटलं नको, एलएस आधी सगळी नावं गोळा करून क्रमाने लावत बसतं, एलएस मायनस एफ मार आणि हेडला जोड, म्हणजे पहिली काहीच नावं दिसतील. एक फाईल स्ट्रिंग्जने उघडली. क्रॉनचा (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) मेल, आत मजकूर एकच शब्द, ओके. दुसरी, ओके. तिसरी, ओके. दोन क्रॉन जॉब होते, दर मिनिटाला चालणारे, काम झालं की ओके छापणारे, आणि क्रॉनचा नियमच आहे की जॉबने काही छापलं की मेल पाठवायचा. मेल पोस्टफिक्सकडे जातो, पण पोस्टफिक्सची सर्व्हिस बंद. बंद असली तरी मेल नाकारला जात नाही, मेलड्रॉपमध्ये येऊन पडून राहतो, कोणीतरी उचलेल म्हणून.

"आरएम स्टार करू?" म्हणजे सगळ्या फाईली उडवू का. करून बघ म्हटलं. अपेक्षेप्रमाणे आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग. यात आरएमचा दोष नाही, तो स्टार बॅश स्वतः उलगडतं, 11 लाख नावं एका ओळीत करून कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) देतं आणि तिथे साधारण 2 एमबीची मर्यादा. फाईली शोधून एकेक उडवणारं फाईंड लागणार. आणि फाईंड मायनस डिलीट टाईप करताना माझा हात अजूनही जड होतो, कारण फाईंड डावीकडून उजवीकडे वाचतं, डिलीट आधी लिहून अट नंतर लिहिली तर अट बघायच्या आधी सगळं साफ. म्हणून माझी पद्धत ठरलेली, आधी पूर्ण पाथ देऊन, टाईप एफ, पाईप हेड मायनस 3. आलेली तीन नावं डोळ्याने वाचायची. मग वरचा बाण, तीच ओळ परत, कंट्रोल डब्ल्यू तीनदा, त्याने शेवटचे तीन शब्द जातात, पाईप, हेड, मायनस 3, आणि तिथे मायनस डिलीट. पाथ परत टाईप करायचाच नाही, म्हणजे पाथमध्ये चूक व्हायचा प्रश्न नाही. मग ऑल्ट आणि हॅश. याने ओळीच्या पुढे हॅश लागून ती न चालता हिस्टरीत जाऊन बसते. चहाचा एक घोट, ओळ परत वाचली, हॅश काढला, एंटर.

टीमक्सच्या दुसऱ्या भागात वॉच लावून डीएफ मायनस आय बघत बसलो. रिकामे आयनोड 0, मग 2 हजार, मग 9 हजार. डिलीट पूर्ण व्हायला बराच वेळ लागला, पण लॉगिन चालू व्हायला पहिले काही सेकंदच पुरले. ऑपरेटरचा फोन, "आलं सर." पावणेसात.

डिलीट चालू असताना उगाच चाळा म्हणून इको करून 1141806 भागिले 2880 केलं, दोन जॉब, दिवसाची 1440 मिनिटं. 396, बॅश अपूर्णांक टाकून देतं. मग डेटला विचारलं 396 दिवसांपूर्वी कोणता वार होता. बुधवार. रूट युजरच्या हिस्टरीला (मारलेल्या कमांडच्या यादीला) तारीख वेळ लागते अशी सेटिंग त्या सर्व्हरवर आहे, साईझही लाखाची ठेवलेली, कारण कोणी काय केलं हे नंतर सापडावं म्हणून मीच आग्रह धरला होता. हिस्टरी पाईप ग्रेप पोस्टफिक्स, म्हणजे त्या यादीत पोस्टफिक्स शोध. एकच ओळ. त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवार, संध्याकाळी सात वाजून काही मिनिटं, सिस्टिमसीटीएल डिसेबल मायनस मायनस नाऊ पोस्टफिक्स, म्हणजे पोस्टफिक्सची सर्व्हिस बंद. आणि त्या संध्याकाळी त्या सर्व्हरवर काम करणारा एकच माणूस होता, ऑडिटमध्ये मेलचा 25 नंबरचा पोर्ट उघडा दिसतोय असा शेरा आला म्हणून वैतागून.

कॉलवर ज्युनिअर होती, स्क्रीन तिलाही दिसत होती. ती काही बोलली नाही. मी पण नाही. मग ती म्हणाली, "दादा, रिपोर्टमध्ये रूट कॉज काय लिहू?" म्हटलं जे दिसतंय ते लिही, नावासकट.

फाईंड संपलं तेव्हा क्रॉनटॅब (क्रॉनच्या जॉबची यादी) उघडलं. आधी उघडलंच नसतं, एडिट करायला त्यालाही टेम्प फाईल लागते. वर मेलटू बरोबर रिकामे अवतरण टाकलं म्हणजे मेल बंद, आणि दोन्ही जॉबचं आउटपुट एका लॉगकडे वळवलं. डिस्कवर आमचा अलार्म होता, पण तो फक्त जीबी बघायचा, त्यात आयनोडची ओळ घातली, बाकीच्या सर्व्हरवर सोमवारी घालू म्हटलं आणि ज्युनिअर म्हणाली आत्ताच घालते, लूप लिहिलाय.

आठ वाजता ऑपरेटरचा परत फोन. वहीतल्या 86 पावत्या टाकायच्या राहिल्यात, तारीख आजचीच पण वेळ आत्ताची पडतीये, चालंल का. म्हटलं चालंल. चहावर साय धरली होती.